एका खात्यातली चार माणसं

पत्रक लिहायला मी विशीच्या आतच शिकले आणि ते मला चांगलं येतं, हे आधीच सांगून टाकते. एक कागद, एक बाजू, एक मागणी. पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, मधे लागेल तेवढंच. तीच गोष्ट दुसऱ्यांदा आली की कापायची. यवतमाळला आमच्या संघटनेची एक खोली होती, तिथले काका हे काम शिकवायचे. जन्मभर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन. मी चार गावं सायकलने फिरून आणलेल्या मजकुरावर ते असा पेन चालवायचे की कागद सोलून काढल्यासारखा दिसायचा. म्हणायचे, माणूस पत्रक एसटी लागेपर्यंत हातात धरतो, तेवढ्यात तुझं म्हणणं संपलं पाहिजे. मी चिडायचे आणि शिकायचे. पुढे माझ्या मजकुरात कापायला त्यांना काही सापडेना, तेव्हा मी आठवडाभर ताठ मानेने फिरले.

मग मंच आला. गुलाबी बोंडअळीची ती वर्षं. बोंड वरून साबूत दिसायचं आणि आतून पोखरलेलं निघायचं. अळी मरेना म्हणून जो तो दुकानदार सांगेल ते औषध पंपात ओतत होता. पण पंप पाठीवर घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, फिरणारा बहुतेक वेळा शेताचा मालक नसायचा, मजूर असायचा. डोळे त्याचे जळायचे, उलट्या त्याला व्हायच्या, आणि सगळीकडे चर्चा पिकाची. याची मला तेव्हाही चीड होती आणि आजही आहे.

पुण्यातल्या एका मित्राने फुकटातलं सॉफ्टवेअर वापरून आम्हाला मराठीत चर्चेचा मंच उभा करून दिला. कोणीही खातं उघडायचं, धागा सुरू करायचा, म्हणजे एक विषय मांडायचा, आणि बाकीच्यांनी खाली प्रतिसाद लिहायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळची गोष्ट दुपारपर्यंत वाहून जायची, इथे ती टिकणार होती. व्यवस्थापक कोण होणार असं विचारल्यावर खोलीतले सगळे छताचा पंखा बघायला लागले. मी हात वर केला.

फवारणीचा हंगाम लागला आणि मंचावर बजबजपुरी माजली. डोळे जळून राह्यले, काय करू, असा एक धागा. त्याच्याखाली तोच प्रश्न विचारणारा दुसरा. अळी मरत नाही, कोणतं औषध. पंपाचा नोझल कुठे मिळतो. निंबाच्या अर्कात साबणाचं पाणी चालतं का. एकाने तर म्हशीचा फोटो टाकून धागा काढला होता. मला घरात भांडी पालथी पडलेली चालत नाहीत, तर हे कसं चालावं.

मंचात एक बटण होतं, ‘विलीन करा’. धाग्यांपुढे खुणा करायच्या, बटण दाबायचं, की सगळ्यांचे प्रतिसाद एका धाग्यात येऊन वेळेप्रमाणे एकाखाली एक लागायचे. मी एका बैठकीत फवारणीचे सगळे धागे विलीन केले आणि वर माझ्या पद्धतीचं शीर्षक ठोकलं: ‘फवारणीचं विष: जबाब द्या’. मग वाचत खाली गेले आणि जे जे परत परत आलं होतं ते झाकलं. झाकलेला प्रतिसाद पुसला जात नाही, फक्त व्यवस्थापकाला दिसतो. दहा जणांनी ‘नका मारू’ लिहिलं असेल तर त्यातलं नीट लिहिलेलं एक ठेवलं, बाकी झाकले. एकाच खात्यावरून तेच तेच चारदा आलं असेल तर एकदाच ठेवलं. कोणी नवीन धागा काढलाच तर त्याला कुलूप लावून खाली लिहायचे, विषय आधीच सुरू आहे, तिथे लिहा. काकांनी पूर्ण धागा वाचला आणि म्हणाले, आता याला चर्चा म्हणता येईल. एवढं ते माझ्या पत्रकांनाही म्हणाले नव्हते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एक बाई खोलीवर आली. चाळिशीची, पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. तिचा नवरा दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जायचा. एका दिवशी फवारून आला तो उलट्या करतच. आठ दिवस दवाखान्यात होता, जगला, पण उजव्या डोळ्याला आता सावलीच दिसत होती. प्रकरणाची चौकशी लागली होती आणि हा कागद त्या चौकशीच्या अहवालाचा मसुदा होता. त्यात लिहिलं होतं, ‘मजुराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’.

मी तिला मावशी म्हटलं, पाणी दिलं आणि आमच्या सवयीप्रमाणे विचारलं की मागणी काय आहे. मला वाटलं, मदत, उपचार, काहीतरी तसं म्हणेल. ती म्हणाली, “हे शब्द काढा. थो निष्काळजी नव्हता.”

आणि पुरावा मंचावरच होता, असं तिचं म्हणणं. त्या सकाळी मालकाने दुकानातून दोन औषधं आणून दिली. दुकानदाराने दोन्ही एकाच पंपात टाकायला सांगितलं होतं. नवऱ्याने दुकानात जाऊन चष्मा आणि हातमोजे मागितले, तर शिल्लक नाहीत म्हणून त्याला परत पाठवलं. मावशीला ते बरोबर वाटेना. तिने अंगणवाडीच्या सेविकेला सांगून तिच्या मोबाईलवरून मंचावर धागा काढला, दोन औषधं एकत्र मारावी काय, दुकानवाला चष्मा देत नाही. उत्तर यायच्या आत मालकाने घाई केली आणि नवरा शेतात गेला. पण विचारलं तर होतं. फवारणीच्या आधी विचारलं होतं. ज्याला पर्वा नाही तो विचारतो काय?

मी संगणक उघडला. मला खात्री होती की आता या अहवालाच्या चिंध्या करायच्या एवढंच बाकी आहे. मावशीचा प्रश्न सापडला. त्याच्या बरोबर खाली, दहा मिनिटांनी आलेला प्रतिसाद होता, ‘चालते ना, बिनधास्त मारा.’

मावशी म्हणाली, हे तर तेव्हा नव्हतं. सेविकेने तिला त्या दिवशी दुपारी सगळं वाचून दाखवलं होतं. तेव्हा खाली एकच उत्तर होतं, निवृत्त कृषी सहायकाचं, ‘नका मारू.’ उशिरा आलं, पण आलं ते हे आलं.

‘नका मारू’ मी झाकलं होतं. दोनच शब्द होते म्हणून. आणि ‘चालते ना’ हा प्रतिसाद दुसऱ्याच धाग्यातला होता, वेळेप्रमाणे लागताना तिच्या प्रश्नाखाली येऊन बसला. हे कमी होतं की काय, मसुद्यात पुढे वाचलं तर तो दुकानदार आमच्या मंचाचं हेच पान छापून चौकशीच्या साहेबांना देऊन आला होता. यांच्याच मंडळींनी मारा म्हटलं आणि यांनी मारलं, माझा काय संबंध, असं त्याचं म्हणणं. माझी नीटनेटकी चर्चा त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

पुण्याच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, विलीन करायचं बटण आहे, सोडवायचं नाही. कोणता प्रतिसाद आधी कोणत्या धाग्यात होता याची नोंद विलीन करताना जाते. आता एकेक वाचून ठरवायचं. मसुद्यावरच्या सुनावणीला चार दिवस होते.

मग आम्ही हातानेच सुरू केलं. झेरॉक्सच्या दुकानातून सगळा धागा छापून आणला, झाकलेल्या प्रतिसादांसह. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली, पंखा बंद केला आणि कात्रीने एकेक प्रतिसाद सुटा कापला. ज्याचा विषय कळेल तो त्या त्या ढिगात, प्रत्येक ढिगावर विहारातला एक स्टीलचा ग्लास पालथा. आश्विनातलं ऊन, खिडक्या लावलेल्या, आणि कागद घामाने बोटांना चिकटत होते. मावशी घरी गेलीच नाही. ती आमच्या घरी राहिली, आईशी तिची चांगली गट्टी जमली, आणि सकाळी माझ्या आधी हॉलमध्ये येऊन भिंतीला टेकून बसायची.

‘चालते ना’ लिहिणाऱ्याला मी फोन लावला. राजूरकडचा, कोळशाच्या खाणीत फिटर, घरची थोडी कोरडवाहू. मी जयभीम घालून नाव सांगितलं. त्याने माझं नाव ऐकलं आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“मी निंबाच्या अर्काले म्हणलं वो मॅडम. निंबाचा अर्क आन साबणाचं पाणी. तुम्ही मले त्या विषाच्या बाटलीखाली कायले नेऊन बसवलं? चार दिवसांपासून लोक फोन करून शिव्या देऊन राह्यले. माही बायको म्हणते, तुम्ही कोणाले मारलं?”

मी चूक झाली म्हणाले. तो म्हणाला, चूक झाली हे मले सांगून काय फायदा, जिथं सांगाचं तिथं सांगा. मी विचारलं, तुम्ही याल का सांगायला. तो म्हणाला की पाळी बदलून घेतो.

माझी खरी कसोटी त्यानंतर लागली, आणि तिच्याबद्दल मला आजही उभं राहून सांगावंसं वाटतं. माझ्यासमोर चार प्रतिसाद होते, चारही एकाच खात्यावरचे. त्यातल्या तिन्हींवर मी झाकण टाकलं होतं. चारही तेच सांगत होते, त्याच दुकानाने दोन औषधं एकत्र टाकायला सांगितली आणि मारल्यावर त्रास झाला. काका बसल्या बसल्या म्हणाले की एकाच माणसाने चारदा लिहिलं तर तो एकच पुरावा, एक ठेव, जोर राहतो. मलाही पटलं. मी बाकीचे तीन कागद बाजूला सारले.

मावशी म्हणाली, वाच पुन्हा. चारही वाच.

मी वाचले. पहिला शुद्ध लिहिलेला, ‘फवारल्यावर डोळ्यासमोर धुकं आलं’. दुसऱ्यात ‘दुपारून उलट्या सुरू झाल्या, माय रडून राह्यली’. तिसऱ्यात ‘याडी म्हणे नको जाऊ, मी गेलो’. चौथा एका ओळीचा, ‘दुकानवाल्यानं देल्लं तसं मारलं’.

मावशीने डोळे मिटून ऐकलं. मग हात पुढे करून कागद मागितले आणि चार ठिकाणी वेगवेगळे ठेवले. अक्षर तिला येत नव्हतं, कोणता कागद कोणता हे तिने मी वाचलेल्या क्रमाने लक्षात ठेवलं होतं.

“हा शाळेत गेलेला आहे. हा आपल्या इकडचा. हा तांड्यावरचा, आईले याडी म्हणते. एकच माणूस असता, तर एका दिवशी माय म्हणला असता आन दुसऱ्या दिवशी याडी? आन हा चौथा म्हातारा आहे, कमी बोलते. चार माणसं आहेत पोरी.”

काका म्हणाले, खातं एकच आहे. मावशी म्हणाली, आमच्या पोडावर चूल प्रत्येकाची आहे, मोबाईल एकच आहे.

मी त्या खात्यावर दिलेल्या नंबरला फोन लावला. एका गावातल्या मोबाईल रिचार्जच्या टपरीवरचा पोरसवदा गडी निघाला. होय म्हणाला, माझ्याकडे चौघं आलते, पंपवाले. ज्याले लिहायचं थो येते, सांगते, मी टाइप करून देतो. मी विचारलं, तू आपल्या मनाने काही बदललं का. तो चांगलाच दुखावला. म्हणाला, माणूस जसा बोलला तसं लिहितो मी, एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही, आपल्याला काय त्यातलं कळते. मी फोन ठेवला आणि काकांकडे न बघता झाकलेले तिन्ही प्रतिसाद मंचावर पुन्हा उघडे केले. तो टपरीवरचा गडी माझ्यापेक्षा चांगला व्यवस्थापक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने मी त्या गावी गेले. चौघे भेटले. चौघांचे चार कागद झाले, दोघांनी सही केली, दोघांनी अंगठा. म्हाताऱ्याने अंगठा लावायच्या आधी मला तीनदा वाचायला लावलं आणि मग विचारलं की दुकानवाल्याले हे दाखवणार ना. मी हो म्हणाले. मग त्याने इतक्या जोरात अंगठा दाबला की शाई मागच्या पानावर उतरली.

परत आले तर काका थांबलेले. सुनावणीत काय बोलायचं ते त्यांनी एका पानात लिहून ठेवलं होतं, उत्तम, धारदार. त्यात विलीन करण्याबद्दल एक शब्द नव्हता. ‘तांत्रिक कारणांमुळे’ असं होतं. मी म्हणाले, तांत्रिक काही नाही, मी केलं. काका म्हणाले, लढ्यात आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची नसते, उद्या दुकानदार त्याचंच पत्रक काढेल. काका वाईट माणूस नाही. त्यांनी आयुष्यात पाहिलेलं ते सांगत होते, आणि मला त्या क्षणी ते बरोबर वाटत होतं. चूक कबूल केल्याचं एकही पत्रक मी लिहिलेलं नव्हतं. मी मावशीकडे वळले, तुमचं काय म्हणणं.

ती म्हणाली, “तू चुकली ना?”

“चुकले.”

“मंग सांग ना. तुही चूक माह्या माणसानं कायले उचलायची?”

काकांनी तो कागद परत घेतला आणि ‘तांत्रिक कारणांमुळे’ खोडलं. वर काही लिहिलं नाही, जागा मोकळी ठेवली.

सुनावणी एका सरकारी खोलीत. टेबलामागे चौकशीचे साहेब, बाजूला त्यांचा लिपिक, एका बाजूला दुकानदार इस्त्रीच्या सदऱ्यात, दुसऱ्या बाजूला आम्ही. फिटर डब्यासकट आला होता. मावशीचा नवरा बाहेर बाकावर बसला होता, उजेड सोसत नाही म्हणून काळा चष्मा लावून. त्याला कोणी आत बोलावलं नव्हतं.

साहेबांनी आमचं छापील पान पुढे सरकवलं. ‘चालते ना’ खाली लाल रेघ मारलेली. विचारलं, हे तुमच्याच मंचावरचं आहे ना. मी म्हणाले, आहे, आणि ते तिथे मी चुकीने लावलं आहे. मग सांगितलं, सगळं. विलीन करणं म्हणजे काय, वेळेप्रमाणे कसं लागतं, ‘नका मारू’ मी कसं झाकलं. सांगताना कान तापले होते, पण मी थांबले नाही. फिटर उठला आणि निंबाच्या अर्काचं जे फोनवर म्हणाला होता तेच म्हणाला, फक्त बायकोचं वगळून. दुकानदार म्हणाला, हे सगळे एकमेकांचे आहेत, एकाच खात्यावरून चारदा लिहिलंय, बघा. तेव्हा मावशीने पिशवीतून चार कागद काढले आणि टेबलावर ठेवले, चार वेगवेगळ्या जागी, जसे विहारात ठेवले होते. साहेबांनी चारही वाचले. अंगठ्याकडे जास्त वेळ बघितलं. मग दुकानदाराला विचारलं की त्या दिवशी दुकानात चष्मे शिल्लक होते की नव्हते. तो म्हणाला, आठवत नाही. साहेब म्हणाले, या बाईंना आठवतं.

एवढं झाल्यावर त्यांनी लिपिकाला सांगून मसुद्यातलं ते वाक्य खोडायला लावलं. त्याजागी नवीन वाक्य आलं, की दोन औषधं एकत्र करण्याचा सल्ला विक्रेत्याने दिला, आणि मजुराने संरक्षक साधनं मागूनही ती मिळाली नाहीत. साहेब म्हणाले, प्रत मिळेल, या तुम्ही. मी उठले. मी जिंकले होते, माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षकही तयार होतं.

मावशी उठली नाही. म्हणाली, आधी त्याले आत बोलवा, त्याच्यासमोर वाचा.

तो दाराला हात लावत आत आला. मावशीने त्याला खुर्चीवर बसवलं आणि कोलामीत काहीतरी सांगितलं. साहेबांनी नवीन वाक्य वाचून दाखवलं, सावकाश. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, हे ठीक आहे साहेब, पण अर्धंच आहे.

साहेबांनी विचारलं, अजून काय राहिलं.

“चष्मा नाही भेटला तं मी दुपट्टा ओला करून तोंडाले बांधला होता. डोळ्याच्या खाली पहा, दुपट्ट्याच्या काठाचं निशाण आहे अजून. मले जेवढं करता आलं थे मी केलं. थे लिहा.”

सगळ्या धाग्यात, झाकलेल्या, उघड्या, कापलेल्या सगळ्या कागदांत, दुपट्टा कुठेच नव्हता. मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. साहेबांनी लिपिकाची वाट पाहिली नाही. स्वतःचं पेन काढलं, समासात लिहिलं, ‘मजुराने ओल्या दुपट्ट्याने तोंड झाकले होते’, आणि शेजारी सही केली. मावशीने तेही वाचायला लावलं. साहेबांनी वाचलं. नवऱ्याने मान हलवली आणि दुपट्टा सावरत उठला.